शेअर विकायला निघालात, तर घेणारा आहे का?

मागच्या महिन्यात शारजाहून एका सेंट्रिंगवाल्या मित्राचा मेसेज आला. आम्ही दोहाला एका साइटवर होतो, तेव्हापासूनची ओळख. जत तालुक्यातला माणूस. मेसेज एवढाच: "दादा, दोन लाख जमलेत. एक छोटी कंपनी येतीये, एसएमईची. ग्रुपमधले सगळे म्हणतायत डबल होणार. घेऊ का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. रात्री फोन लावला, पाऊण तास बोललो. आता कुवेतवाले, मस्कतवाले, इकडे न्यू जर्सीतले ओळखीचे सगळे हेच विचारायला लागलेत, म्हणून ते बोलणं इथं लिहून काढतोय. मी कुणी शेअर बाजाराचा जाणकार नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला सुपरवायझर आहे, अल्फारेटामध्ये साइट सांभाळतो. पण या धंद्यात माझे स्वतःचे पैसे गेलेत, आणि ते कसे गेले ते मला आता नीट कळलंय.

आधी माझंच सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मी एका छोट्या कंपनीचे दोन लॉट घेतले. एक लॉट हजार शेअरचा, भाव १४२. म्हणजे २ लाख ८४ हजार. कंपनी सरकारी इमारतींना काहीतरी यंत्रं पुरवते असं लिहिलेलं होतं, मी आत शिरून पाहिलं नाही. महिनाभरात भाव १६० च्या पुढे गेला आणि मी बायकोला मोठ्या तोऱ्यात आकडे दाखवले. नोव्हेंबरात सहामाही निकाल आला, नफा जवळजवळ नाहीच. दुसऱ्या दिवसापासून रोज लोअर सर्किट. मी रोज विकायला ऑर्डर टाकायचो आणि समोर घेणारा कुणी नसायचा. फेब्रुवारीत बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा पैसे लागलेच. मार्चमध्ये ५१ ला एकदाचे सुटले. १ लाख ८२ हजार गेले. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ऑपरेशनचे पैसे क्रेडिट कार्डातून भागवले, हेही सांगितलेलं नाही.

लोअर सर्किट म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढं जावं. ज्यांना नाही त्यांच्यासाठी: अशा शेअरला दिवसाला किती पडायचं याची मर्यादा असते, बऱ्याचदा ५ टक्के. तेवढा पडला की त्याच्याखाली सौदा होत नाही. सगळे विकायला उभे, घ्यायला कुणी नाही. दहा दिवस रोज ५ टक्के पडला, तर १०० चे साधारण ६० होतात, आणि त्या दहा दिवसांत तुमचा एक शेअरही विकला गेलेला नसतो. मोबाइलवर आकडा दिसतो, पण तो आकडा तुमच्या हातात येत नाही.

एसएमईमध्ये आणखी एक गोम आहे. शेअर सुटे विकता येत नाहीत, लॉटच विकावा लागतो. निम्मे आज विकून घरी पाठवू, निम्मे ठेवू, असं एका लॉटवाल्याला जमत नाही. कंपनीने पहिली तीन वर्षं मार्केट मेकर ठेवायचा असतो, तो खरेदी-विक्रीचा भाव देत राहतो हे खरं. पण तो तुम्हाला हवा तो भाव देईल असं नाही. आणि मोठ्या कंपन्या दर तीन महिन्यांनी निकाल देतात, या छोट्या सहा महिन्यांनी. म्हणजे सहा महिने तुम्ही डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेले.

आता चाकणची गोष्ट. ही मला सगळ्यात जास्त लागली, कारण डिप्लोमा झाल्यावर माझी पहिली नोकरी चाकणलाच होती. शेड उभारायचं काम. २०१० ते १४, चार वर्षं मी त्या एमआयडीसीत काढली. महिंद्रा, बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज, सगळे तिथं. चालू कारखाना कसा असतो ते आपल्यासारख्याला कुणी शिकवावं लागत नाही. शिफ्ट सुटली की तळेगाव-चाकण रस्त्यावर बस आणि दुचाकींची रांग, गेटवर चहाच्या टपऱ्या, कंत्राटदाराचा माणूस हजेरीचं रजिस्टर घेऊन उभा.

जेनसोल इंजिनियरिंग ही कंपनी २०१९ मध्ये बीएसईच्या एसएमई मंचावर आली. मूळ काम सोलरचं, नंतर मोठ्या बाजारात गेली, मग विजेवरच्या गाड्या बनवणार म्हणून नाव झालं. २०२४ च्या जूनमध्ये शेअर अकराशेच्या वर होता. २८ जानेवारी २०२५ ला कंपनीने एक्स्चेंजला कळवलं की ३०,००० गाड्यांच्या आगाऊ ऑर्डर आल्यात. सेबीने कागद मागवले तर निघाले नऊ जणांशी केलेले २९,००० गाड्यांचे करार, तेही नुसती इच्छा दाखवणारे. गाडीची किंमत नाही, कधी देणार ते नाही. ९ एप्रिल २०२५ ला एनएसईचा अधिकारी चाकणच्या प्लांटवर गेला. तिथं दोन-तीन मजूर होते. गाड्या बनत नव्हत्या. मग त्याने लाइट बिलं मागितली. गेल्या बारा महिन्यांत महावितरणचं सगळ्यात मोठं बिल किती होतं? १ लाख ५७ हजार, डिसेंबर २०२४ चं. जागाही भाड्याची. १५ एप्रिलला सेबीचा आदेश आला, त्यात हे सगळं लिहिलंय. गाड्या घ्यायला काढलेल्या सरकारी संस्थांच्या कर्जातल्या २६२ कोटींचा हिशोब लागत नाही, असंही त्यात आहे. तोपर्यंत शेअर दीडशेच्या खाली आला होता. जूनमध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयाने कंपनीचं प्रकरण दाखल करून घेतलं.

दोन-तीन मजूर आणि दीड लाखाचं बिल. मित्रांनो, हे ओळखायला सीए लागतो का? तुमच्यातला कुठलाही गवंडी, फिटर, क्रेनवाला त्या गेटवर दहा मिनिटं उभा राहिला असता तर म्हणाला असता, इथं काही चालू नाहीये. पण गेटवर कुणी गेलंच नाही. त्याच आदेशातला आणखी एक आकडा: प्रवर्तकांचा, म्हणजे मालकांचा हिस्सा २०१९-२० मध्ये ७० टक्क्यांच्या वर होता, तो २०२५ च्या मार्चअखेर ३५ वर आला. आणि त्याच काळात बाहेरचे शेअरधारक १५५ वरून १ लाख ९ हजारांवर गेले. मालकाचं वजन कमी होत गेलं आणि आपल्यासारख्यांची गर्दी आत शिरत गेली. वर मार्चमध्ये कंपनीने शेअरचे दहा तुकडे करायचं ठरवलं होतं, म्हणजे भाव दिसायला लहान झाला असता आणि आणखी बारके लोक आले असते. ते सेबीने थांबवलं.

म्हणून माझं मत असं की आपल्याला माहिती नाही हे अर्धसत्य आहे. बाजाराची माहिती नसेल, कामाची आहे. आपल्या गावातला कुणी ना कुणी चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरीत कामाला असतोच. कंपनीचा प्लांट तिथं असेल तर त्याला फोन करा. किती शिफ्ट चालतात, ठेकेदाराचे पैसे वेळेवर निघतात का, माल बाहेर पडताना दिसतो का, एवढं विचारा. पगार दोन महिने थकलाय हे मजुराला आधी कळतं, बाजाराला नंतर. ज्या कंपनीबद्दल एवढंही विचारता येत नाही तिच्यात आठ महिन्यांची कमाई कशाला टाकायची? आठ महिने मी उगाच म्हणत नाही. कतारमध्ये किमान पगार महिना १,००० रियाल आहे, म्हणजे २०२५ च्या दराने तेवीस-चोवीस हजार रुपये. दोन लाख म्हणजे त्या माणसाचे आठ महिन्यांचे, न खाता.

दोन लाखांचा आकडाही कुठून आला ते सांगतो. पूर्वी एसएमईच्या इश्यूला लाखाच्या पुढे अर्ज करावा लागायचा, जुलै २०२५ पासून कमीत कमी दोन लॉट आणि रक्कम २ लाखांच्या वर. हेतू चांगला आहे, लहान माणसाने या जोखमीत पडू नये. पण मला विचाराल तर लहान माणूस नियमाने थांबत नाही, तो चौघांचे पैसे गोळा करतो. दोहाच्या आमच्या रूममध्ये हे मी पाहिलंय. चौघांनी काढले, डिमॅट एकाच्या नावावर. वर्षभराने त्याचा करार संपला, तो घरी गेला, फोन उचलायचा बंद झाला. शेअर वर गेला की खाली गेला, बाकी तिघांना आजपर्यंत माहीत नाही. कागदावर त्यांचं नावच नव्हतं, तर भांडणार कुणाशी?

आता वेळेचं बोलू. सगळे विचारतात, कधी घेऊ? आता घेऊ की पडल्यावर घेऊ?

ऑगस्ट २०२४, म्हणजे मी घेतले तोच महिना. दिल्लीची रिसोर्सफुल ऑटोमोबाइल नावाची कंपनी, यामाहा मोटरसायकलच्या दोन शोरूम, आठ कामगार. तिला बाजारातून १२ कोटी हवे होते. अर्ज आले साधारण ४,८०० कोटींचे. ११७ चा शेअर ११७ लाच लिस्ट झाला, एवढी रांग लागूनही पहिल्या भावाला कुणाला काही मिळालं नाही. सेबीच्या प्रमुखांनी त्याच वर्षी मार्चमध्ये सांगितलं होतं की एसएमईत भाव फुगवल्याच्या खुणा दिसतायत. जुलैत एनएसईने पहिल्या दिवशी उघडतानाचा भाव ९० टक्क्यांहून जास्त चढू नये अशी मर्यादा घातली. ऑगस्टअखेर सेबीने पुन्हा जाहीर इशारा दिला. हे सगळं छापून आलं होतं. मी वाचलंही होतं. पण ग्रुपवर दुसऱ्यांचे नफे दिसत होते, त्यापुढे इशारा कोण ऐकतो.

याच्या उलट दुसरं उदाहरण घ्या, जे प्रत्येक टीपवाला तोंडावर फेकतो: इन्फोसिस. १९८१ ला पुण्यात सुरू झाली, १९९३ ला ९५ रुपयांनी शेअर काढला, ज्यांनी घेतला ते श्रीमंत झाले. बरोबर आहे. पण अर्धीच गोष्ट सांगतात. तो इश्यू भरला नव्हता. लोकांना नको होता. रांग लागली होती त्यात लोक श्रीमंत झाले, असं ते उदाहरण नाहीच. आणि त्याच सालांत आलेल्या किती कंपन्या पैसे घेऊन गायब झाल्या, पत्त्यावर टाळं सापडलं, त्यांची नावं आज कुणी घेत नाही.

छोट्या शेअरचं चक्रही मोठं असतं. बीएसईचा स्मॉलकॅप निर्देशांक जानेवारी २०१८ मध्ये शिखरावर होता, मार्च २०२० पर्यंत निम्म्याच्याही खाली गेला. दोन वर्षं. तिथून २०२४ पर्यंत पाचपटीहून वर. ज्याला थांबता आलं त्याचं भलं झालं. पण थांबता कुणाला येतं? ज्याचा पगार चालू आहे, घर स्वतःचं आहे, त्याला. तुमचा-माझा व्हिसा दुसऱ्याच्या हातात आहे. माझंच घ्या, मी बायकोच्या व्हिसावर इथं आलो, वर्षभर घरी बसलो, मग कामाचा परवाना मिळाला. उद्या तिची नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. आखातात तर कंपनीने कॅन्सल केलं की विषय संपला. म्हणून मला वाटतं आपला प्रश्न 'कधी घेऊ' हा नाहीच. आपल्याला विकायची वेळ कधी येईल ते आपण ठरवत नाही. ती व्हिसा ठरवतो, आईचं आजारपण ठरवतं, बहिणीचं लग्न ठरवतं. आणि नेमका तो दिवस लोअर सर्किटचा निघतो. मोठ्या कंपनीचा शेअर तुम्ही तोट्यात का होईना, त्याच दिवशी विकू शकता, दुसऱ्या दिवशी हिशोब पुरा होतो. माझे दोन लॉट विकायला मला चार महिने लागले.

घड्याळाची पण एक गंमत आहे, खरं तर गंमत नाही. मुंबईचा बाजार सव्वानऊला उघडतो. उन्हाळ्यात अल्फारेटात तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजलेले असतात, आणि तो बंद होतो तेव्हा सकाळचे सहा. दुबईत पावणेआठ, दोहात पावणेसात, म्हणजे ऐन कामाच्या वेळेला. त्या नोव्हेंबरात मी रात्र-रात्र फोन घेऊन बसायचो आणि सातला साइटवर. एक दिवस काँक्रीट ओतायच्या आधी शटरिंगचे टेकू तपासायचे होते, मी तपासले असं समजून सही केली. एका कोपऱ्यातला टेकू सैल होता. आमच्यातल्या एका मेक्सिकन सुताराने हाक मारून थांबवलं म्हणून निभावलं. खाली दोन माणसं होती. १ लाख ८२ हजार गेल्याचं वाईट वाटतं, पण ते गेले. तो कोपरा मला अजून झोपेत दिसतो. तुमच्यातला कुणी परातीवर उभा राहून खिशातला फोन बघत असेल, तर त्याला मी हात जोडून सांगतो, खाली उतरून बघ, नाहीतर बघू नको.

अमेरिकेत असलेल्यांनी हसू नये, इथंही तेच आहे. ५ डॉलरच्या आतल्या शेअरला इथं पेनी स्टॉक म्हणतात. न्यू जर्सीत पॉल्सबरो नावाच्या गावात एक सँडविचचं दुकान होतं. २०१९ आणि २०२०, दोन्ही वर्षांची मिळून विक्री ३५,७४८ डॉलर. आणि ज्या कंपनीचं ते दुकान होतं तिची बाजारातली किंमत २०२१ मध्ये १० कोटी डॉलरच्या वर. पुढच्या वर्षी तिघांवर गुन्हे दाखल झाले. आता तर व्हॉट्सॲपवर 'इन्व्हेस्टमेंट क्लब' असतात, बारका शेअर सुचवायचा, लोकांकडून भाव चढवायचा आणि आपण बाहेर पडायचं. जुलै २०२५ मध्ये एफबीआयने याचा इशारा दिलाय. आपल्याकडे २०२३ ला सेबीने साधना ब्रॉडकास्टच्या प्रकरणात यूट्यूबच्या खोट्या व्हिडिओंवरून असाच आदेश काढला होता. पद्धत एकच, भाषा बदलते. मराठीतही आता असे ग्रुप आहेत, 'दादा' म्हणून सुरुवात करतात.

एक कागदाचं काम राहिलं. परदेशात कामाला आलात की गावाकडचं जुनं बचत खातं आणि जुनं डिमॅट तसंच वापरायचं नसतं, एनआरओ करून घ्यावं लागतं. मीही दोन वर्षं जुनंच वापरत होतो, चूक माझी. एनआरआयला आज घेऊन आजच विकायला परवानगी नाही. आणि अमेरिकेत राहणाऱ्यांची भारतातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची माहिती इथल्या सरकारला द्यावी लागते. दंड मोठा आहे. हे टीपवाला सांगत नाही.

तर शारजाचा मित्र. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग दादा, दोन लाखांचं करू काय? बँकेत सडवू?"

मी विचारलं, एजंटला द्यायला जे काढले होतेस ते फिटले का? तो म्हणाला, नाही, अजून १ लाख ४० हजार आहेत. गावातल्याच माणसाचे. किती टक्क्यांनी? तीन रुपये शेकडा.

तीन रुपये शेकडा महिन्याला. म्हणजे वर्षाला ३६ टक्के. महिन्याला ४,२०० रुपये नुसतं व्याज जातंय, आणि दोन लाख खात्यात ठेवून हा माणूस डबल होणारी कंपनी शोधत होता. मी म्हटलं, अरे, उद्या ते फेडलेस की ३६ टक्के खात्रीने सुटले. अशी खात्री देणारी कंपनी मला दाखव, मीच घेतो. उरलेले साठ हजार घरच्यांच्या अडीअडचणीला राहू देत, आणि पुढं कधी छोट्या शेअरची हौस आलीच, तर गेले तरी घरी सांगता येईल एवढेच टाक.

तो हसला. मग थोडा वेळ काही बोलला नाही. म्हणाला, "त्या ग्रुपमध्ये मीच चौघांना सांगितलंय घ्या म्हणून. त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं, आज रात्रीच फोन कर त्यांना, अर्जाची तारीख संपायच्या आत.